मदरबोर्ड गेलाय म्हणतात तेव्हा
घरचा संगणक : भाग ५

संगणक दुरुस्तीच्या दुकानात ऐकू येणारं सगळ्यात महागडं वाक्य म्हणजे ‘मदरबोर्ड गेलाय’. ते खरंही असू शकतं. पण खरं की खोटं हे गिऱ्हाइकाला पडताळता येत नाही, आणि फसवणाऱ्याला तेवढी फट पुरते. मागच्या चार भागांत आपण संगणकाच्या आत काय काय असतं ते पाहिलं. ती माहिती दुकानाच्या काउंटरवर कशी उपयोगी पडते, ते या वेळी.

जुलै २००९ मध्ये ‘स्काय न्यूज’ने लंडनमध्ये एक साधी परीक्षा घेतली होती. चांगल्या चालत्या लॅपटॉपमधली रॅमची एक पट्टी किंचित सैल केली, म्हणजे विंडोज सुरू होईना. पट्टी दाबून बसवली की काम झालं. हा लॅपटॉप सहा दुकानांत दिला आणि आत काय चाललंय ते टिपणारं सॉफ्टवेअरही त्यात घालून ठेवलं.  एकीकडे मदरबोर्ड बदलायला सांगितला गेला, आणि एका दुकानात तर तंत्रज्ञाने गिऱ्हाइकाचे सुट्टीतले खासगी फोटो उघडून पाहिले, बँकेचे तपशील हाती लागल्यावर खात्यात शिरण्याचाही प्रयत्न केला.

छोट्या दुकानांपुरतीच ही गोष्ट आहे असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या ‘ऑफिस डेपो’च्या दुकानांत संगणकाची मोफत तपासणी करून मिळायची. तपासणीच्या सुरुवातीला कर्मचारी चार प्रश्न विचारायचा : संगणक हळू झालाय का, मध्येच बंद पडतो का, अशा थाटाचे. त्यातल्या एकाही चौकटीत खूण झाली की आत काहीही नसलं तरी ‘मालवेअरची लक्षणं’ असा निकाल ठरलेला. त्यावर शेकडो डॉलरची दुरुस्ती विकली जायची. मार्च २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे तडजोड झाली. ऑफिस डेपोने अडीच कोटी आणि ते सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या ‘सपोर्ट डॉट कॉम’ने एक कोटी डॉलर मोजले. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतं ते हे की निदान गिऱ्हाइकाच्याच तोंडून काढून घेतलं जात होतं. ‘हळू चालतो’ एवढंच सांगता येणाऱ्या माणसाला काहीही विकता येतं.

आता आयर्लंडमधल्या आपल्या मलिंगारकडे येऊ. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुकानदाराचा भाव पटला नाही तर माणूस शेजारची पायरी चढतो. मलिंगार हे वेस्टमीथ काउंटीचं मुख्य गाव मोठं असलं तरी वस्ती वीस-बावीस हजारांची. इथे तशी रांग नाही. डब्लिन रेल्वेने तासाभराचं, पण रुग्णालयात पाळ्या करणाऱ्या माणसाला मधल्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन डब्लिनला जाणं जमत नाही. मग पहिल्या दुकानात जे सांगतील ते ऐकायचं.

आमच्या ओळखीच्या एक सोलापूरच्या ताई आहेत, परिचारिका म्हणून काम करतात. त्यांचा लॅपटॉप एका रात्री पूर्ण मेला. पॉवरचं बटण दाबलं तरी दिवा नाही, पंखा नाही. एका दुकानात त्या नुसता लॅपटॉप घेऊन गेल्या, चार्जर घरीच राहिला. दोन दिवसांनी निरोप आला : बोर्डचा पॉवरचा भाग जळलाय, दोनशे युरोच्या आसपास लागतील. ताईंनी आमच्याकडे विषय काढला तेव्हा मी विचारलं, चार्जरवरचा दिवा लागतो का? तो लागत नव्हता.

इथे भारतातून आलेल्या माणसाला माहीत नसलेली एक गोष्ट आहे. आयर्लंडच्या चौकोनी तीन पिनांच्या प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो. आपल्याकडच्या गोल पिनांच्या प्लगमध्ये तो नसतो, त्यामुळे आपण तिथे शोधायला जातच नाही. प्लग भिंतीतून काढून उलटा धरला की पिनांच्या मधोमध एक छोटी झडप दिसते. चपट्या स्क्रूड्रायव्हरने ती उचकटली की एक इंच लांबीची नळी बाहेर येते. तिच्यावर ३, ५ किंवा १३ असा अँपिअरचा आकडा असतो. घरातल्या दुसऱ्या, चालू असलेल्या उपकरणाच्या प्लगमधली त्याच आकड्याची नळी काढून इथे घालून पाहायची. आकडा मात्र तोच हवा. तीनच्या जागी तेराची नळी टाकली तर वायर जळेपर्यंत फ्यूज उडणार नाही. ताईंच्या प्लगमध्ये नवी नळी घातली, चार्जरचा दिवा लागला. दुकानातून परत आणलेला लॅपटॉप त्याला जोडला, आणि तो सुरू झाला.

बॅटरी पार उतरलेली होती, एवढंच. मेलेला लॅपटॉप हाती आला की कुठलाही तंत्रज्ञ आधी आपल्याकडचा चार्जर लावून पाहतो. त्या दुकानात तो लावला असता तर लॅपटॉप तिथेच सुरू झाला असता. म्हणजे एक तर त्यांनी पाहिलंच नाही, किंवा पाहिलं आणि सांगितलं नाही. दोन्ही गोष्टींचा मला सारखाच राग येतो.

तेव्हा दुकान गाठण्याआधी काही गोष्टी घरी करून बघायच्याच. चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं आणि मग नुसत्या चार्जरवर सुरू करायचं. अडकून बसलेले कित्येक लॅपटॉप एवढ्यानेच जागे होतात. पडदा काळा पण पंखा फिरतोय? काळोख्या खोलीत पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर मागचा उजेड तेवढा गेलाय, बाकी सगळं शाबूत आहे. काहीच दिसलं नाही तर एचडीएमआयची वायर टीव्हीला लावा.

संगणक नुसता हळू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कच्या रकान्यात पाहा. काही न करता तो आकडा शंभर टक्क्यांजवळ चिकटून राहत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर बहुधा तिथेच घोडं अडलंय. अशा वेळी ‘फॉरमॅट मारून देतो’ या उपायाने चार महिने बरे जातात, मग पुन्हा तेच.

रॅमचं काम थोडं धीराचं आहे, पण अवघड नाही. आधी तुमच्या लॅपटॉपची रॅम निघते का ते पाहा. पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच डाखलेली असते. निघत असेल तर चार्जर काढा, मागचे स्क्रू ज्या जागेचे त्या जागी कागदावर मांडत जा, झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवा आणि कुठल्या तरी धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर दाबल्या की पट्टी आपोआप तिरकी वर येते. तिचे सोनेरी दात कोऱ्या खोडरबराने हलके घासा, कण झटका. परत बसवताना ती तिरकीच आत सरकवायची, सोनेरी भाग जेमतेम दिसेनासा होईपर्यंत, आणि मग खाली दाबायची. ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. लंडनच्या त्या परीक्षेत जी दुरुस्ती होती, ती एवढीच.

फुगलेल्या बॅटरीला आणि डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायच्या डब्याला मात्र हात लावायचा नाही. पहिली पेट घेऊ शकते, दुसऱ्यात प्लग काढल्यावरही जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो. तिथे दुकानच हवं.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ‘हा संगणक आता बाद, नवा घ्या’ हे वाक्य ऐकू येऊ लागलं. आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांनी ते लगेच मानू नये. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मोफत देऊ केले. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून नाव नोंदवायचं. ही नोंदणी करून देण्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

दुकानात जावंच लागलं तर पासवर्डचा विचार आधी करा. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दुरुस्तीच्या दुकानांचा अभ्यास केला. बॅटरी बदलायला पासवर्ड लागत नाही, तरी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तो मागितला गेला. पुढच्या टप्प्यात ज्या १६ दुरुस्त्यांच्या नोंदी तपासल्या, त्यातल्या ६ मध्ये तंत्रज्ञाने खासगी फाइली चाळल्या होत्या आणि २ मध्ये त्या बाहेर उतरवून घेतल्या होत्या. हार्डवेअरचं काम असेल तर पासवर्ड देऊ नका. फारच गरज असेल तर वेगळं तात्पुरतं खातं काढून द्या, किंवा डिस्क काढून घरी ठेवा.

आणि डिस्कचा अनुक्रमांक टिपून ठेवा. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ या मोफत प्रोग्राममध्ये तो दिसतो, शिवाय डिस्क आजवर किती तास चालली तेही. ‘नवी टाकली’ म्हणून पैसे घेतलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर बोलायला जागा मिळते. अंदाजपत्रक लेखी घ्या, बदललेला जुना भाग परत मागा. हे मागितल्यावर चांगला दुकानदार रागावत नाही. असे प्रामाणिक कारागीर सगळीकडे आहेत आणि त्यांच्या कष्टाचे पैसे विनातक्रार द्यायला हवेत.

कायदा इथे बऱ्यापैकी पाठीशी आहे. ग्राहक हक्क कायदा २०२२ हा २९ नोव्हेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार दुरुस्तीचं काम वाजवी कौशल्याने आणि काळजीने व्हायला हवं. तसं झालं नाही तर ते फुकट नीट करून मागता येतं. नवा लॅपटॉप विकत घेतल्यापासून १२ महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरलं जातं, म्हणून पहिल्या वर्षात दुरुस्तीच्या दुकानात पैसे मोजायला जाऊ नका, ज्याने विकला त्याच्याकडे जा. कुणीच दाद दिली नाही तर डिस्ट्रिक्ट कोर्टाची स्मॉल क्लेम्स प्रक्रिया आहे : २,००० युरोपर्यंतचा दावा, शुल्क २५ युरो, वकील लागत नाही. दुकानाशी झालेला व्यवहार व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर ठेवा, तोंडी नको. इथे तोच पुरावा.

पुढच्या भागात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवू. त्याआधी घरी एक काम करून ठेवा. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, आणि बोर्ड बदलला किंवा बायोसला धक्का लागला की पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मिळाली नाही तर आतले फोटो जगातला कुठलाही तंत्रज्ञ काढून देऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात शिरलात की उपकरणांच्या यादीत ती सापडेल. कागदावर उतरवा, घरातल्या दुसऱ्या कुणाकडून एकदा ताडून घ्या आणि पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा.