रंगाईवाल्याने पळू नये, दुसरी बाटली मागावी

भिवंडी असो की मालेगाव, रंगाईच्या कारखान्यासमोर प्रदूषण मंडळाची गाडी थांबली की पुष्कळ मालक मागच्या दाराने निघून जातात. "शेठ बाहेरगावी गेलेत," असे मुकादमाने सांगायचे. ही हुशारी फार महागात पडते.

आधी कारभार समजून घ्या. १९७४ च्या पाणी कायद्याने केंद्रीय मंडळ व राज्य मंडळे यांची व्यवस्था केली. सांडपाण्याच्या मर्यादा केंद्र सरकार १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली ठरवते. कापड प्रक्रियेसाठी २०१६ साली ठरलेल्या मर्यादांत बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅम, सीओडी २५० मिलिग्रॅम आणि पीएच ६.५ ते ८.५ आहे. संमतिपत्र देणे, तपासणी व कारवाई ही कामे मुख्यतः राज्य मंडळाची. केंद्रीय मंडळ त्यांना निर्देश देऊ शकते.

ब्लीचिंग, रंगाई, छपाई हे धंदे लाल वर्गात येतात. त्यांना कारखाना उभारण्यापूर्वी एक आणि चालवण्यासाठी दुसरी संमती लागते. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज करून पोच जपून ठेवावी.

आता नमुन्याची गोष्ट. पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अधिकाऱ्याने जागेवरच नोटीस द्यावी लागते. मालकाने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करून, दोघांच्या सहीने सीलबंद करून, एक मंडळाच्या आणि दुसरा राज्य प्रयोगशाळेत जातो. दोन्ही अहवालांत तफावत आली तर राज्य प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य धरतात. ही रीत पाळली नाही तर तो अहवाल कोर्टात पुरावा ठरत नाही. मालक मुद्दाम गैरहजर राहिला तर अधिकारी एकट्याच्या सहीने नमुना नेतो. म्हणजे नमुना जातोच, फक्त आपला हक्क बुडतो.

नमुना नापास झाला तर नोटीस येते. तिला मुदतीत लेखी उत्तर द्या. उत्तर दिले नाही, तर कलम ३३अ खाली कारखाना बंद करण्याचा, वीज आणि पाणी तोडण्याचा हुकूम निघू शकतो. त्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करता येते. पण एकदा वीज तुटली की कारीगरांचा रोज बुडतो आणि आम्हा व्यापाऱ्यांचा कोरा माल ऐन ईदच्या तोंडावर अडकून पडतो. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण कायद्याच्या भंगाला १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत दंड आहे.

तरीही हक्काची बाटली घाण पाणी स्वच्छ करीत नाही. प्रक्रिया यंत्रणा रोज चालवा, तिची नोंदवही ठेवा. एकट्याला खर्च झेपत नसेल तर सामूहिक केंद्रात सामील व्हा. वुजूचे पाणीसुद्धा जपून वापरायला शिकलेल्या बिरादरीने खालच्या वस्तीच्या विहिरीत रंग उतरू देणे शोभत नाही. हिशेब साफ असेल तर दारात गाडी थांबली तरी पुढच्या दाराने सामोरे जाता येते.