चकचकीत ग्रॅनाइटही तेल पितो
गॅसशेजारी फोडणीचं तेल सांडतं आणि पुसूनही ओट्यावर काळपट ठिपका उरतो. ग्रॅनाइट गुळगुळीत, म्हणजे त्यात काही मुरणार नाही, असा आपला समज असतो. पण चकाकी येते ती घासून केलेल्या पॉलिशने. तिच्यामुळे सच्छिद्रता (दगडाच्या कणांमधल्या सूक्ष्म पोकळ्या) नाहीशी होत नाही. माठ पाणी शोषतो तसाच हा प्रकार, फक्त कितीतरी कमी आणि सावकाश.

सीलर (पोकळ्यांत मुरून पाणी-तेल अडवणारं द्रव्य) लावावा का, हे दगडालाच विचारावं. ओट्यावर थोडं पाणी ठेवा. १५ मिनिटांत तिथला दगड गडद झाला तर लावा. नाही तर खर्च वाचला. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून मिळणारा दगड पुष्कळदा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. तो घट्ट असल्याने त्याला सीलर सहसा लागत नाही.

रोज भांड्यांच्या सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे. लिंबू, व्हिनेगर घरगुती असले तरी आम्लच. त्यांनी सीलर लवकर झिजतो. बाथरूमचं ॲसिड तर ओट्याजवळ आणूच नये. तेलाच्या डागावर खायच्या सोड्याचा दाट लेप लावून रात्रभर प्लॅस्टिकने झाकावा, मग उघडा सुकू द्यावा. सुकताना तो तेल ओढून घेतो. जुना डाग मात्र एका लेपात क्वचितच जातो.