थुंकी नको, बेडका पाहिजे

जेवत असाल तर हा भाग पॉज करा आणि नंतर ऐका. कारण आज विषय आहे थुंकी. म्हणजे टीबीची तपासणी.

समजा, जालना जिल्ह्यात मंठ्याकडच्या एका गावात बावीस वर्षांचा पोरगा आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरतंय. मुकादमाकडून उचल घेतलीये, दिवाळी झाली की घरचे सगळे ऊसतोडीला निघणार. हातात आठ दिवस. तेवढ्यात दोन गोष्टी कळायला हव्यात: टीबी आहे का, आणि असेल तर तो नेहमीच्या औषधांना दाद देईल का?

जुनी पद्धत सूक्ष्मदर्शकाची. टीबीचा जंतू 1882 मध्ये रॉबर्ट कॉखनं शोधला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. नमुना काचेवर पसरवायचा, लाल रंग द्यायचा, मग आम्लानं धुवायचा. बाकी सगळ्यांचा रंग उतरतो, टीबीच्या जंतूचा नाही, कारण त्याचं आवरण मेणचट असतं. स्वस्त आणि झटपट काम. पण एक मिलिलिटर नमुन्यात साधारण 5 ते 10 हजार जंतू असतील तरच ते दिसतात. त्यात 100 फील्ड पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. दिवसभरातली विसावी स्लाईड बघताना टेक्निशियनच्या डोळ्यांचं काय होत असेल, विचार करा. एवढं करूनही औषध लागू पडेल की नाही, ते कळतच नाही. त्यासाठी जंतू वाढवून बघायचा, तर कल्चरला कित्येक आठवडे जातात. पोरगं तोवर फडात पोचलेलं असतं.

म्हणून जनुकीय चाचणी आली. सरकारी दवाखान्यात जिला सीबीनॅट म्हणतात ती, म्हणजे जीनएक्सपर्ट. जागतिक आरोग्य संघटनेनं 2010 मध्ये तिची शिफारस केली. कार्ट्रिजमध्ये नमुना घाला, सुमारे दोन तासांत टीबी आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, दोन्ही उत्तरं मिळतात. पण तिला एसी लागतो, अखंड वीज लागते. आपल्याकडचा मे महिना आणि लाईट, दोन्ही तुम्हाला माहितीये! त्यावर उतारा म्हणजे गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट. बॅटरीवर चालतं, तासाभरात टीबीचं उत्तर देतं, रिफाम्पिसिनसाठी वेगळी चिप. 2020 मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. कोरोनाच्या तपासण्यांनाही हीच मशीन वापरली.

मग आता अडचण काय? अडचण डबीत आहे. बोर्डावर लिहिलेलं असतं ‘थुंकी तपासणी’. माणूस प्रामाणिकपणे थुंकतो! डबीत नुसती लाळ. आणि लाळेत जंतू जवळजवळ नसतातच. आपल्या भाषेत नेमका शब्द आहे की, बेडका. पण तो गावठी वाटतो म्हणून कोणी लिहीत नाही. मला तर हा बोर्ड बदलणं ही सगळ्यात स्वस्त प्रयोगशाळा-सुधारणा वाटते. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यायचे, छातीतून खोकायचं आणि आलेला बेडका डबीत. हे मोकळ्या हवेत करायचं, संडासात किंवा बंद खोलीत नाही.

पुढे डबीचा प्रवास. आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात प्रत्येक गावाशेजारी मशीन नसणार. डबी घट्ट बंद, थंड पेटीत, लवकर पोचली पाहिजे. कार्ट्रिज-चिप संपलेल्या असतील किंवा टेक्निशियनची जागा रिकामी असेल, तर मशीन नुसतं शोभेचं. उद्घाटनाचा फोटो मशीनचा निघतो, डबी नेणाऱ्याच्या पेट्रोलचा कोणी काढत नाही.

शेवटचा टप्पा रिपोर्ट परत येण्याचा. तो निक्षय पोर्टलवर चढतो आणि पेशंटला एक आयडी मिळतो. तो आयडी असला की उपचार दुसऱ्या जिल्ह्यात हलवता येतात, आणि सरकारी औषधं तिथंही फुकट. तेव्हा घरात कोणी असं खोकत असेल आणि गाव सोडून जाणार असेल, तर आशाताईंना पहिल्याच दिवशी निघायची तारीख सांगा. निक्षय आयडी कागदावर लिहून घ्या. आणि फोन नंबर दोन द्या, एक स्वतःचा आणि एक गावात राहणाऱ्या कोणाचा तरी. फडात गेल्यावर पहिला संपतो तो रिचार्ज.