मेंदूवर शस्त्र धरलेली बाई

इटलीतल्या बोलोन्या शहरात पालाझ्झो पोज्जी नावाची एक जुनी वास्तू आहे. तिथल्या विद्यापीठ-संग्रहालयात एका बाईचा मेणाचा अर्धपुतळा आहे. अंगावर उंची पोशाख, त्याला नाजूक लेस, गळ्यात दागिने. अठराव्या शतकातली एखादी घरंदाज बाई समारंभाला निघावी असा सगळा थाट. पण तिच्या हातांत शवविच्छेदनाची हत्यारं आहेत आणि समोर माणसाचं डोकं. कवटीचा वरचा भाग काढून ठेवलेला, आतला मेंदू उघडा. बाईची नजर मात्र मेंदूवर नाही. ती सरळ समोर बघते आहे, एखादा मुद्दा समजावून सांगताना शिक्षक बघतो तशी. तिच्या नवऱ्याचाही पुतळा तिथेच आहे. त्याच्या हातात माणसाचं हृदय आहे आणि चेहऱ्यावर उदासी.

हे दोन्ही पुतळे त्या बाईनेच घडवले. तिचं नाव आन्ना मोरांदी मान्झोलिनी. भावना बायकांकडे आणि बुद्धी पुरुषांकडे, अशी वाटणी पक्की मानली जात होती त्या काळात तिने हृदय नवऱ्याच्या हाती दिलं आणि मेंदू स्वतःकडे घेतला. तो अधिकार तिने वर्षानुवर्षं प्रेतांच्या सान्निध्यात काम करून कमावला होता.

मेणाचा पुतळा म्हटलं की आपल्यासमोर नट, खेळाडू, राजकारणी उभे राहतात. मादाम तुसाँचा जन्म १७६१चा. तिने लंडनमध्ये प्रदर्शन थाटलं त्याच्या कितीतरी आधी बोलोन्यात ही बाई मेणात काम करत होती, आणि तिचं काम वेगळ्याच जातीचं होतं. माणूस बाहेरून कसा दिसतो यापेक्षा तो आतून कसा चालतो हा तिचा विषय होता. स्नायू कुठून निघतो, कुठे रुततो, शीर कोणत्या हाडाखालून जाते, हे नेमकं कळल्याशिवाय ते मेणात उतरवता येत नाही. म्हणून आन्नाच्या बाबतीत शिल्पकार आणि शास्त्रज्ञ यांना वेगळं काढता येत नाही. तिची बोटं शिकत होती आणि जे शिकत होती तेच घडवत होती.

आन्नाचा जन्म १७१४ सालचा. बोलोन्याची विज्ञानसंस्था पालाझ्झो पोज्जीत सुरू झाली तीही त्याच वर्षी. बोलोन्या तेव्हा पोपच्या राज्यातलं रोमखालोखालचं शहर होतं आणि शरीरशास्त्र हा त्या शहराचा जुना अभिमान होता. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला मोंदिनो दे लिउझ्झी यांनी इथे माणसाचं शरीर विद्यार्थ्यांसमोर उघडून दाखवलं होतं. सूक्ष्मदर्शकातून फुप्फुसातल्या केशवाहिन्या पाहणारे माल्पिगी इथलेच, कानाचा बारकाईने अभ्यास करणारे वाल्साल्वाही इथलेच. विद्यापीठाच्या आर्किजिन्नासिओ या इमारतीत लाकडी शवविच्छेदनगृह होतं. कार्निव्हलच्या दिवसांत तिथे जाहीर विच्छेदन होई आणि ते पाहायला विद्यार्थ्यांबरोबर शहरातली प्रतिष्ठित मंडळीही जमत. प्राध्यापकांच्या आसनावरचं छत दोन लाकडी पुरुषांनी पेललेलं आहे. त्यांच्या अंगावर कातडी नाही, नुसते स्नायू. एर्कोले लेल्ली या शिल्पकाराने ते १७३४ मध्ये कोरले.

या सगळ्या दिमाखाला एक मोठी अडचण होती. प्रेत टिकत नाही. थंडीच्या दिवसांत थोडा वेळ मिळे, उन्हाळ्यात तोही नाही. मिळणारी प्रेतंही मोजकी. फाशी गेलेले गुन्हेगार, इस्पितळात मेलेले गोरगरीब. गर्दीत मागे बसलेल्या विद्यार्थ्याला टेबलावरचं फारसं काही दिसत नसे. पुस्तकातली चित्रं होती, पण कागदाला खोली नसते. सडणार नाही, हातात धरून फिरवता येईल, पुन्हा पुन्हा पाहता येईल असं शरीर हवं होतं. १७०० च्या सुमारास गाएतानो झुम्बो या सिसिलीच्या शिल्पकाराने रंगीत मेणात शरीररचना दाखवून वाट मोकळी केली होती. बोलोन्याचे आर्चबिशप प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी हे शवविच्छेदनाचे खंबीर पाठीराखे होते. १७४० मध्ये ते बेनेडिक्ट चौदावे या नावाने पोप झाले आणि १७४२ मध्ये त्यांनी विज्ञानसंस्थेसाठी मेणाच्या शरीरप्रतिमांचं संग्रहालय करायचं काम लेल्लीला दिलं.

लेल्लीच्या हाताखाली जोव्हान्नी मान्झोलिनी नावाचा एक चित्रकार होता. आन्ना त्याची बायको. जोव्हान्नी शरीरशास्त्रात तरबेज होता. कामाचा मोठा भार तो उचलत होता, आणि श्रेय मात्र लेल्लीच्या पदरात पडत होतं. काही वर्षांनी दोघांचं बिनसलं. १७४६ च्या सुमारास जोव्हान्नी बाहेर पडला आणि नवरा-बायकोने आपल्याच घरात कार्यशाळा उभी केली.

त्या घराचं चित्र मनासमोर आणून पाहायला हवं. एका खोलीत लहान मुलं, दुसऱ्या खोलीत प्रेत. एका चुलीवर स्वयंपाक आणि दुसऱ्या शेगडीवर वितळणारं मेण. आन्नाला अनेक मुलं झाली. त्यातली दोनच जगली. बाळंतपणं, मुलांची मरणं आणि विच्छेदनाचं टेबल हे सगळं एकाच छपराखाली चालू होतं. आन्ना चित्रकला शिकलेली होती. जुन्या चरित्रकारांनी तिची गोष्ट साध्वी पत्नीची म्हणून सांगितली: नवरा खचला, त्याला आधार द्यायला बिचारी प्रेतांची किळस गिळून हे शिकली. अमेरिकन अभ्यासक रेबेका मेसबार्गर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मूळ कागदपत्रांच्या आधारे निराळं चित्र उभं केलं. आन्ना सुरुवातीपासून बरोबरीची भागीदार होती. ती स्वतः विच्छेदन करत होती, मेणकाम करत होती आणि घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवतही होती.

हे काम चाले तरी कसं? आधी विच्छेदन. जो भाग दाखवायचा तो कातडी, चरबी आणि आवरणं बाजूला करून मोकळा करायचा. कुजायला लागायच्या आत त्याच्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा. गुंतागुंतीच्या अवयवासाठी साचा अनेक तुकड्यांत करावा लागे. मग मधमाश्यांचं शुद्ध केलेलं मेण वितळवून त्यात राळ आणि टर्पेंटाइनसारखी द्रव्यं मिसळायची, म्हणजे मेणाला कणखरपणा येतो. रंग मेणातच घोटायचा. स्नायूचा तांबूस, चरबीचा पिवळसर, रक्तवाहिन्यांचा लाल आणि निळा, असं प्रत्येकासाठी वेगळं मेण. साच्यातून निघालेल्या तुकड्यावर मग हाताचं काम सुरू होई. तंतू कोरायचे, मेणात भिजवलेल्या दोऱ्यांच्या शिरा आणि नसा जागच्या जागी बसवायच्या, जोड गरम हत्याराने मिटवायचे. बोलोन्याच्या परंपरेत आत आधाराला बहुधा खरी हाडं असत. त्यामुळे मापात चूक झाली तर मेण हाडावर बसतच नसे.

मेणच का, याचं उत्तर त्याच्या गुणात आहे. साठ-बासष्ट अंशांना ते वितळतं आणि हाताच्या उबेनेही थोडं नरम होतं. प्रकाश त्याच्या पृष्ठभागातून किंचित आत शिरतो, म्हणून ते मांसासारखं ओलसर आणि जिवंत दिसतं. संगमरवराला किंवा लाकडाला हे जमत नाही. चुकलं तर पुन्हा मऊ करून सुधारता येतं, आणि नव्या विच्छेदनात नवं काही कळलं तर ते घडवणाऱ्याच्या हाताला लगेच मेणात उतरवता येतं.

आन्नाने आपलं सगळ्यात बारीक काम ज्ञानेंद्रियांवर केलं. डोळ्यांच्या मालिकेत तिने नेत्रगोल खोबणीतून काढून त्याचे स्नायू एकेक करून वेगळे दाखवले, प्रत्येक स्नायू डोळा कोणत्या दिशेला वळवतो हे कळेल अशा रीतीने. डोळ्याचा खालचा तिरका स्नायू अश्रुपिशवीपर्यंत पोहोचतो हे निरीक्षण तिच्या नावावर आहे. आधीच्या थोरामोठ्यांच्या ग्रंथांत जे नव्हतं ते तिला दिसलं, कारण तिला तो स्नायू शेवटच्या टोकापर्यंत घडवायचा होता. वाचणाऱ्याला मधला तपशील सोडून पुढे जाता येतं, घडवणाऱ्याला येत नाही.

तिने घडवलेले हातही असेच विचार करायला लावणारे आहेत. एक हात मऊ स्पर्शावर निवांत विसावलेला, दुसरा टोचणीने आखडलेला. कातडीखालचे स्नायू आणि नसा दाखवणं ही तेव्हाच्या शरीरशास्त्राची नेहमीची मागणी होती. आन्नाने त्यापुढे जाऊन सुख आणि वेदना बोटांत कशा उमटतात ते दाखवलं. ज्या अवयवाने तिने सगळं ज्ञान मिळवलं त्याच अवयवाचा हा अभ्यास होता.

तिसरं क्षेत्र बाळंतपणाचं. बोलोन्याचे शल्यविशारद जोव्हान्नी अंतोनिओ गाल्ली यांनी आपल्या घरी प्रसूतिशास्त्राची शाळा काढली होती. तिथे शल्यविशारदांबरोबर सुईणीही शिकत. गाल्लींनी माती आणि मेणाच्या प्रतिमांचा मोठा संग्रह तयार करून घेतला; त्यातल्या काही मेणाच्या प्रतिमा मान्झोलिनी दांपत्याच्या हातच्या. गर्भाशयात मूल आडवं असेल, पायाळू असेल, नाळ गळ्याभोवती असेल तर काय दिसतं आणि हात कसा घालायचा हे इथे आधी समजावलं जाई. पुढे विद्यार्थ्यांचे डोळे बांधून गर्भाशयाच्या प्रतिकृतीवर सराव करून घेत, कारण खऱ्या बाळंतपणात आतलं काही दिसत नाही, चाचपून ओळखावं लागतं. अडलेल्या बाईचा जीव वाचवायला हे शिक्षण थेट उपयोगी पडत होतं. पोप बेनेडिक्ट यांनी पुढे हा संग्रह विज्ञानसंस्थेसाठी विकत घेतला.

१७५५ मध्ये जोव्हान्नी वारला. पदरात दोन मुलगे, हाताशी कार्यशाळा आणि बाकी काही नाही, अशी आन्नाची अवस्था होती. तिने पोपकडे दाद मागितली. बोलोन्याच्या सिनेटने तिला वर्षाला ३०० लिरे मानधन ठरवून दिलं. शहरातल्या आकादेमिया क्लेमेंतिना या कला-अकादमीने तिला मानद सदस्य करून घेतलं आणि विद्यापीठाच्या शरीरशास्त्र अध्यासनाची मेणशिल्पकार म्हणून तिला मान्यता मिळाली. त्याच शहरात लॉरा बास्सी भौतिकशास्त्र शिकवत होती. तिला १७३२ मध्ये पदवी आणि अध्यापकपद मिळालेलं होतं. विद्वान स्त्रिया ही बोलोन्याची शान आहे, असं पोपचं आणि सिनेटचं मत होतं. पण शान आणि पगार या वेगळ्या गोष्टी आहेत. ३०० लिऱ्यांत घर चालवायचं, मेण आणायचं, साचे करायचे आणि शिकवायचं हे आन्नाला कायम जड गेलं.

तरी तिचं घर हीच एक शाळा झाली. विद्यार्थी येत, युरोपच्या प्रवासाला निघालेले श्रीमंत पाहुणे येत, आणि ती स्वतःच्या प्रतिमा हातात घेऊन व्याख्यान देई. यासाठी तिने एक वही ठेवली होती. सुमारे २५० पानांची ही हस्तलिखित वही बोलोन्याच्या विद्यापीठ ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. प्रत्येक प्रतिमेत काय पाहायचं, ते कसं काम करतं, आधीच्या शास्त्रज्ञांनी काय म्हटलं आणि आपल्याला काय दिसलं, याची टिपणं त्यात आहेत. पुरुषाच्या जननेंद्रियांवरही तिने काम केलं होतं. त्या प्रतिमा आता उरलेल्या नाहीत, पण वहीतलं त्यांचं वर्णन उरलं आहे. एका विधवेने हा विषय विद्यार्थ्यांना समजावून सांगणं किती धाडसाचं होतं हे वेगळं सांगायला नको.

तिची कीर्ती रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिच्या दरबारापर्यंत गेली. आन्ना मात्र बोलोन्या सोडून गेली नाही. १७६९ मध्ये तिने आपला संग्रह आणि हत्यारं सिनेटर जिरोलामो रानुझ्झी यांना विकली आणि त्यांच्याच वाड्यात राहायला गेली. पवित्र रोमन सम्राट दुसरा जोसेफ त्याच वर्षी तिचं काम पाहून गेला. १७७४ मध्ये तिचं निधन झालं.

पुढे तिचा संग्रह विज्ञानसंस्थेत आला. १७७७ मध्ये लुइजी गाल्व्हानी यांनी त्यावर लॅटिनमध्ये व्याख्यान दिलं. बेडकाच्या पायातल्या विजेमुळे जगप्रसिद्ध झालेले हेच गाल्व्हानी. ते शरीरशास्त्राचे अध्यापक होते आणि आन्नाच्या प्रतिमा शिकवायला वापरत. मात्र याच सुमारास मेणकामाचं केंद्र फ्लॉरेन्सला सरकलं. १७७५ मध्ये उघडलेल्या ला स्पेकोला संग्रहालयात क्लेमेंते सुसिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या सुंदर तरुणी गादीवर पहुडल्या होत्या, गळ्यात मोत्यांची माळ आणि पोट उघडलेलं. लोकांना ते नाट्य आवडलं. आन्नाच्या कामात असलं नाट्य नव्हतं. तिथे अवयव होते, त्यांची कामं होती, आणि पाहणाऱ्याने डोकं चालवावं ही अपेक्षा होती. हळूहळू तिचं नाव नवऱ्याच्या नावाच्या सावलीत गेलं आणि कारागीर म्हणून तळटिपेत उरलं.

आज वैद्यकीय महाविद्यालयांत संगणकाच्या पडद्यावर शरीर थराथराने उलगडता येतं, त्रिमितीय छपाईने हृदयाची प्रतिकृती करून शस्त्रक्रियेआधी हातात घेता येते. त्यामागची कल्पना आन्नाच्या कार्यशाळेत रुजलेली होती: शरीर समजायचं तर ते सुटं करून पुन्हा जोडता आलं पाहिजे. तिला विद्यापीठाची पदवी नव्हती, छापलेला ग्रंथ नव्हता. पण जिथे ग्रंथ अडले तिथे तिचे हात पुढे गेले, आणि जे सापडलं ते तिने पुढच्या पिढ्यांना पाहता येईल अशा पदार्थात लिहून ठेवलं. म्हणून तिचं नाव कलेच्या इतिहासात घेऊन थांबता येणार नाही. बोलोन्यात माल्पिगी, वाल्साल्वा आणि गाल्व्हानी ही नावं ज्या मानाने घेतली जातात, त्याच मानाने आणि त्याच ओळीत आन्ना मोरांदीचं नाव घ्यायला हवं.