जाल आणि जमाखर्च – लेखांक ७ : गूगल रीडर का गेला?

मागच्या लेखांकात गूगलने २००३ साली ब्लॉगर ही सेवा विकत घेतली तिथवर आलो होतो. ब्लॉग लिहिणं सोपं आणि फुकट झालं खरं, पण वाचणाऱ्याची पंचाईत झाली. आवडीचे पन्नास ब्लॉग असले तर कोणी कधी काय नवीन लिहिलं, हे कळायचं कसं? रोज पन्नास दारं ठोठवायची?

यावरचा तोडगा आधीच निघालेला होता : आरएसएस. त्याची पहिली आवृत्ती नेटस्केपने मार्च १९९९ मध्ये काढली आणि लवकरच त्यातून अंगही काढून घेतलं. पुढे डेव्ह वायनर आणि इतर मंडळींनी काम हाती घेतलं, आणि खरी आवृत्ती कोणाची यावरून वर्षानुवर्षं भांडलीदेखील. (डिसेंबर २००० मधल्या १.० आवृत्तीच्या कर्त्यांमध्ये एरन स्वॉर्ट्झ होता, वय वर्षं १४. भांडणाऱ्या थोरांपेक्षा तो समंजस असावा असं मला उगाच वाटतं.)

वस्तू अगदी साधी. ब्लॉगसोबत मजकुराची एक फाइल असते. तीत प्रत्येक लेखाची नोंद : शीर्षक, दुवा, तारीख-वेळ, आणि लेखाचा तुकडा किंवा अख्खा लेख. नवा लेख आला की त्याची नोंद सगळ्यात वर बसते आणि बहुधा तळातली एक जुनी गळते. तुमचं सॉफ्टवेअर अधूनमधून ती फाइल उघडून बघतं, एवढंच. खातं काढायला नको, फोन नंबर द्यायला नको.

अशा फाइली वाचणारी अनेक सॉफ्टवेअरं होती, पण ऑक्टोबर २००५ मध्ये गूगल रीडर आला आणि बहुतेकांचा मुक्काम तिथेच हलला. डावीकडे ब्लॉगांची यादी, शेजारी न वाचलेल्या लेखांचा आकडा. ‘जे’ची कळ दाबली की पुढचा लेख, ‘के’ दाबली की मागचा. आकडा हजारावर गेला की रीडरही मोजायचा कंटाळा करी आणि ‘१०००+’ लिहून मोकळा होई. पण सकाळी चहासोबत नेटाने बसलं, तर यादी संपायची. नवीन काही नाही, उठा, कामाला लागा.

नेमकं हेच धंद्याला परवडणारं नव्हतं.

१३ मार्च २०१३ रोजी गूगलने रीडर बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि १ जुलैला तो बंद झाला. कारण दिलं, वापर घटला. घटला असेलही. पण २०११ च्या अखेरीस रीडरमधली एकमेकांना लेख पाठवण्याची, एकमेकांची निवड वाचण्याची सोय गूगलनेच काढून टाकली होती. सगळ्यांनी गूगल प्लस या त्याच्याच समाजमाध्यमावर यावं म्हणून. दुकानातला माल आपणच उचलून न्यायचा आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणून शटर ओढायचं, असा तो प्रकार. ज्याच्यासाठी हे केलं तो गूगल प्लसही सर्वसामान्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये मिटला.

खरी गोम क्रमात आहे. रीडरमध्ये काय वाचायचं ते वाचक ठरवी आणि क्रम मुख्यतः तारखेचा. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं, तिथे क्रम कंपनीच्या हाती गेला. क्रम ज्याच्या हाती, त्याला मधली जागा जाहिरातदाराला विकता येते. तारखेच्या यादीत विकणार काय?

आरएसएस मात्र मेलेलं नाही. वायनरने २००० सालीच त्यात ध्वनिफितीचा दुवा जोडायची सोय केली होती आणि बहुतेक पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात. म्हणूनच तोच कार्यक्रम वेगवेगळ्या ॲपवर ऐकता येतो. ॲप बदललं तरी कार्यक्रम हातचा जात नाही. फक्त एखाद्याच ॲपवर मिळणारे कार्यक्रम या पद्धतीतून बाहेर पडलेले असतात, आणि त्यात ऐकणाऱ्याचा तोटा आहे.

तुमच्या आवडीचा मराठी ब्लॉग वर्डप्रेसवर असेल तर त्याच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून पाहा. वर सांगितलेली फाइल बहुधा समोर येईल. तोच पत्ता फीडली किंवा इनोरीडर अशा एखाद्या फीड वाचणाऱ्या सेवेत टाका. दहा-बारा ब्लॉगांपासून सुरुवात करा, पन्नासचा हव्यास नको.