मोटार आपोआप का चालू होते?



रब्बीचा हरभरा-गहू पेरून झाला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात विहिरी-बोअरवरच्या मोटारी सुरू होतात. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमधल्या बियाण्याच्या प्लॉटलाही पाणी वेळेवर लागतं. शेतीची लाइट मात्र कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून बऱ्याच घरांनी मोबाइल स्टार्टर बसवला आहे. घरून फोन लावला की मोटार चालू. अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत शेतात जायची गरज नाही. सोय चांगलीच आहे.

पण गटांच्या बैठकीत एक तक्रार आमच्या कानावर नेहमी येते. "ताई, कोणी फोन केला नाही, हात लावला नाही, अन् मोटार आपोआपच चालू झाली व माय!" मग कोणी लिंबू-मिरची बांधतं, कोणी शेजाऱ्यावर संशय घेतं. आज आपण याचं खरं कारण कसं शोधायचं ते पाहू.

आधी जिवाची गोष्ट. मोबाइलवरून बंद केलेली मोटार ही बंद मोटार धरायची नाही. फोनने फक्त स्टार्टर पडतो, त्याच्यापर्यंत वीज आलेलीच असते. पाइप सोडवायचा असेल, फुटव्हॉल्व्हमधला कचरा काढायचा असेल, तर मेन स्विच खाली करा, ग्रिपा काढून स्वतःजवळ ठेवा आणि घरच्या सगळ्यांना तसं सांगा. ओल्या हाताने, अनवाणी पायाने पेटीजवळ जाऊ नका. कडबा कुट्टी आणि मसाल्याची गिरणी यांना मोबाइल स्टार्टर किंवा ऑटो स्विच कधीच जोडू नका. तिथे आपला हात पात्यांजवळ असतो.

आता कारणं. मोबाइल स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड असतं आणि एक रिले असतो. रिले म्हणजे विजेवर चालणारं छोटं बटण. फोन आला की रिले दाबला जातो आणि स्टार्टर उचलतो. म्हणजे मोटार चालू झाली, तर पेटीला कुठून तरी इशारा मिळालेलाच असतो. तो कुठून आला, एवढंच शोधायचं.

पहिलं आणि नेहमीचं कारण म्हणजे ऑटो. पेटी ऑटोवर असेल, तर गेलेली लाइट परत येताच मोटार स्वतः सुरू होते. ऑटो स्विच वापरू नका, कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण वेळोवेळी सांगतं. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाइट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उचलल्या तर डीपी जळते, आणि मग सगळ्यांचंच पाणी बंद.

दुसरं कारण सिमकार्ड. आपले नंबर पेटीत नोंदवले नसतील, तर काही पेट्या कोणाच्याही फोनवर चालू होतात. जाहिरातीचा फोन असो की चुकून लागलेला. शिवाय बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. तुमच्या पेटीतला नंबर आधी दुसऱ्याचा असेल, तर त्याच्या ओळखीचे लोक अजून त्यावर फोन करत असतील. म्हणून घरातले दोन-तीन नंबर नोंदवून घ्या आणि बाकीचे बंद करायला सांगा.

तिसरं कारण रेंज. संध्याकाळी तुम्ही चालू करायचा मेसेज पाठवला, शेतात रेंज नव्हती. तो मेसेज मध्येच अडकून राहतो आणि रात्री रेंज आली की पेटीपर्यंत पोचतो. घरात सगळे झोपलेले, आणि तिकडे मोटार चालू. विहिरीत पाणी नसेल तर कोरडी फिरून वाइंडिंग जळू शकतं.

चौथं कारण वायर. हौदातल्या फ्लोटची किंवा लांबच्या बटणाची बारीक वायर मोटारीच्या जाड केबलला चिकटून लांबवर नेली असेल, तर जाड केबलमधल्या विजेमुळे त्या बारीक वायरीतही थोडा करंट उमटतो. पेटीला वाटतं, कोणी बटण दाबलं. सैल जोड आणि पावसात भिजलेली टेपही असाच खोटा इशारा देतात. बारीक वायर केबलपासून हातभर लांब ठेवावी, अर्थिंग नीट करून घ्यावं.

पाचवं कारण चार्जर. काही पेट्या मोबाइलच्या चार्जरवर, यूएसबी वायरने चालतात. हलका चार्जर कमी-जास्त व्होल्टेज देतो. पेटी पुन्हा पुन्हा बंद-चालू होते आणि रिले टकटक वाजतो.

उलटीही तक्रार असते. फोन म्हणतो बंद, पण मोटार चालूच. तेव्हा स्टार्टरचे पॉइंट चिकटलेले असतात, किंवा आत मुंग्या, पाल, धूळ शिरलेली असते. अशा वेळी सरळ मेन स्विच पाडा.

आता शोधायचं कसं? गटाच्या हिशेबासारखी एक वही करा. मोटार आपोआप चालू झाली की तारीख आणि वेळ लिहा. तेव्हा लाइट नुकतीच आली होती का? पाऊस होता का? कोणी फोन किंवा मेसेज केला होता का? पाच-सहा नोंदी झाल्या की बहुतेक वेळा कारण दिसायला लागतं.

तरी कळलं नाही, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन-तीन दिवस ऑटो बंद ठेवा. थांबलं नाही, तर दोन-तीन दिवस सिमकार्ड काढून ठेवा. तरी थांबलं नाही, तर फ्लोटची वायर सोडवून घ्या. जे काढल्यावर त्रास थांबेल, दोष तिथेच. सगळं एकदम बदललं, तर दोष कशात होता ते कळणारच नाही. पेटी उघडणं, सिम काढणं, वायर सोडवणं हे काम मेन स्विच पाडून वायरमनकडूनच करून घ्या. खांबावर किंवा डीपीवर बिघाड असेल तर १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवा.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. कोणाकोणाकडे मोबाइल स्टार्टर आहे, कोणाचा ऑटोवर आहे, ते विचारा. पेटीच्या दारावर आतून वायरमनचा नंबर लिहून ठेवा. आणि मेन स्विच कुठे आहे, तो कसा पाडायचा, हे घरातल्या प्रत्येक बाईला, सासूबाईंना आणि मोठ्या मुलींनाही, एकदा शेतात नेऊन दाखवा.