नातवाने बांधलेली बीडची रेल्वे

आमच्या पेढीवर रोजमेळ अजूनही हाताने लिहिला जातो. जीएसटी आल्यापासून संगणक टाळता येत नाही, हे खरे. पण सायंकाळी दुकान वाढवण्यापूर्वी रोकड मोजून ती वहीतील आकड्याशी जुळल्याखेरीज बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, चैन पडत नाही. वय ८४. गुडघे साथ देत नाहीत, दृष्टी मात्र शाबूत आहे. असे हे बाबूजी गेल्या काही महिन्यांपासून रोजमेळ आटोपला की घरी येऊन माझ्या धाकट्या मुलाच्या खोलीत जातात, खुर्ची ओढून घेतात आणि विचारतात, “गाडी कितीची आहे?”

गाडी बीडहून नगरला जाणारी. ती धावते संगणकाच्या पडद्यावर. रूळ, पूल, फलाट, पिवळ्या पाट्या, बाभळी, कापसाची शेते, सारे मुलाने दोन वर्षे खपून स्वतः उभारले आहे. ज्या प्रणालीवर तो हे करतो तिचे नाव ‘ओपन रेल्स’. ती विनामूल्य मिळते; जगभरातील हौशी मंडळींनी मिळून ती तयार केली आहे. तिला ‘गेम’ म्हटलेले मुलाला खपत नाही. तो ‘सिम्युलेटर’ म्हणतो. मीही आता तेच म्हणतो, परंतु इथवर यायला मला वर्ष लागले.

कारण मुलगा बारावीत होता. रात्री एकच्या सुमारास त्याच्या खोलीतून डिझेल इंजिनाची घरघर ऐकू आली की माझा जीव वरखाली होई. आपल्या घरांतून मुलगा एक तर गादीवर बसतो, नाही तर सीए होतो. रेल्वेमार्ग बांधणारा निघाल्याचे माझ्या माहितीत नाही. मी एकदा रागाने वायरच उपटली. त्यावर बाबूजी शांतपणे म्हणाले, “आधी तो काय करतो ते बघ तरी. मग बंद कर.”

पाहिल्यावर समजले की या छंदाला बराच मोठा इतिहास आहे. जपानमध्ये १९९५ साली मिनोरू मुकाइया या वादकाने टोकियोच्या चुओ मार्गावरील प्रत्यक्ष चित्रीकरण वापरून रेल्वे चालवण्याचा खेळ काढला. हे गृहस्थ ‘कॅसिओपिया’ या प्रसिद्ध वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवत. पुढे त्यांच्या कंपनीने रेल्वेचालकांच्या प्रशिक्षणासाठीही सिम्युलेटर पुरवले. २००१ साली मायक्रोसॉफ्टने ‘ट्रेन सिम्युलेटर’ बाजारात आणला. त्यात जगातील सहा मार्ग होते. टोकियोहून हाकोनेला जाणारा, रोजच्या नोकरदारांनी भरलेला ओडाक्यू रेल्वेचा मार्ग त्यांपैकीच एक. भारतातील एकही मार्ग नव्हता. पण त्या कंपनीने मार्ग बांधण्याची साधने सोबत दिली होती, आणि तेवढे आपल्याकडच्या तरुणांना पुरेसे झाले. त्यांनी भारतीय इंजिने, निळे डबे, लोकल गाड्या घडवून एकमेकांना वाटल्या, बहुतेक वेळा एक पैसाही न घेता. पुढे चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्हने मोबाईलवर ‘इंडियन ट्रेन सिम्युलेटर’ आणला, तेव्हा कुठे हा छंद सर्वसामान्य घरांत शिरला. भारतीय रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रांतही चालकांना सिम्युलेटरवर बसवले जाते, हे कळल्यावर माझा विरोध निम्म्यावर आला.

उरलेला निम्मा विरोध मार्गाच्या नावानेच विरघळला. मुलाला मुंबईची लोकल बांधता आली असती. त्याने बीड निवडले.

बीडच्या व्यापाऱ्याला रेल्वे म्हणजे काय, हे ज्यांच्या गावी स्टेशन आहे त्यांना सांगून पटायचे नाही. आमच्या जिल्ह्यात रेल्वे नव्हतीच असे नव्हे. परळीला निजामाच्या काळापासून गाडी आहे. औष्णिक विद्युत केंद्राचा कोळसाही तिथेच उतरतो. पण जिल्ह्याच्या मुख्य गावाला, बीडला, रूळ नव्हते. माल यायचा तो जालन्याला, नगरला किंवा परळीला उतरून, तेथून ट्रकने. म्हणजे एकदा भरणे, एकदा उतरवणे, पुन्हा भरणे आणि मोंढ्यात पुन्हा उतरवणे. हमाली दुप्पट, फूटतूट वेगळी, आणि बिल्टी हातात असूनही माल कुठे अडकला याचा पत्ता नाही. बाबूजींच्या जुन्या वह्यांत ‘नगर भाडे’ असे स्वतंत्र खातेच आहे. त्या खात्याची पाने चाळली की रेल्वे नसण्याची किंमत रुपये-आण्यांपासून पुढे वाचता येते.

अहमदनगर–बीड–परळी वैजनाथ हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज ३५३ कोटींचा. पुढे तो वाढत वाढत ४,८०० कोटींपलीकडे गेला. दिवंगत गोपीनाथराव मुंडे यांनी हा प्रश्न लावून धरला, राज्याने निम्मा वाटा उचलायचे ठरले, तरीही नगरपासून नारायणडोहपर्यंतच्या पहिल्या १२ किलोमीटरवर चाचणीची गाडी धावायला २०१७ उजाडले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी न्यू आष्टीपर्यंत, म्हणजे ६६ किलोमीटर आली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बीडहून अहिल्यानगरकडे गाडीला हिरवा झेंडा दाखवला. मंजुरीपासून तीस वर्षे. बाबूजी ५३ वर्षांचे होते तेव्हा मंजुरी आली, आणि गाडी पाहिली ती काठी टेकत.

मुलाने काम सुरू केले तेव्हा गाडी आष्टीपर्यंतच होती. बांधण्याची रीत मी त्याच्याशेजारी बसून समजून घेतली, ती थोडी सांगतो.

प्रथम जमीन लागते. या प्रणालीत जमीन सुमारे दोन किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत मांडलेली असते. नगर ते बीड एवढ्यासाठी असे ऐंशीहून अधिक चौकोन जोडावे लागतात. प्रत्येक चौकोनात दर आठ मीटरला जमिनीची उंची द्यायची. ही उंची आणायची कुठून? अमेरिकेच्या ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने बहुतेक सगळ्या भूभागाची उंची मोजली. ते आकडे आता कोणालाही मिळतात. मुलाने ते उतरवून घेतले, आणि पडद्यावर बालाघाटाचे डोंगर उठून उभे राहिले. रंग नाही, झाड नाही, नुसता उंचसखल पत्रा. तरी बाबूजींनी बोट ठेवून सांगितले, “हा रायमोह्याकडचा चढ.”

आता यात एक गंमत आहे, आणि मला ती फार लागली. ही जमीन २००० सालची. त्या फेब्रुवारीत आमची रेल्वे कागदावर होती. त्यामुळे त्या आकड्यांत ना भराव आहे, ना डोंगरातला खोदकामाचा चर. रुळांची रेघ ओढली की ती कुठे हवेत तरंगते, कुठे टेकडीच्या पोटात घुसते. मग जे ठेकेदारांनी यंत्रांनी केले, ते मुलाने माऊसने केले: भराव टाकला, खोदले, पुन्हा टाकला. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच, बीड सुमारे ५१५. म्हणजे एकूण उतार बीडकडे, पण मध्ये डोंगर. चढाचे प्रमाण जरा चुकले तर भरलेली गाडी दम टाकते आणि चूक लपत नाही.

रडारचे आकडेही सर्वत्र विश्वासाचे नसतात. दाट झाडी किंवा इमारत असेल तर तिचा शेंडाच जमीन म्हणून नोंदला जातो. पडताळा घ्यायला त्याने जी युक्ती योजली तिचे बाबूजींना भारी कौतुक. आपल्या रेल्वेच्या पिवळ्या नामफलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपण आयुष्यभर ती पाहतो आणि वाचत नाही. मुलगा नगरपासून प्रत्येक स्टेशनाच्या पाटीचा फोटो मिळवत गेला आणि पाटीवरच्या आकड्याला रडारचा आकडा ताडून पाहत गेला. “दोन वह्या जुळवतोय,” बाबूजी म्हणाले.

रुळांचे दुखणे वेगळे. मूळ प्रणालीतील रूळ १,४३५ मिलिमीटर रुंदीचे, आपली ब्रॉडगेज १,६७६ ची. फरक २४ सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम एक वीत. पण तेवढ्याने आपली गाडी रुळाबाहेर चाललेली दिसते. त्यासाठी भारतीय हौशींनी घडवलेले रुंद रूळ घ्यावे लागले. सुरुवातीला त्याने हौसेने जागोजागी फाटके आणि ‘सी/फा’ असे लिहिलेल्या शिट्टीच्या पाट्याही उभारल्या होत्या. मग लक्षात आले की नव्या मार्गांवर फाटके टाळून पूल आणि भुयारी रस्ते करतात. त्याने फाटके काढून टाकली. मला वाईट वाटले. फाटक सुंदर जमले होते.

मध्यंतरी एक नुकसान झाले. संगणकाची चकती बिघडली, आणि दुरुस्तीला दिली असता दुकानदाराने न विचारता ती पुसून परत केली. कडा ते आष्टीचे तीन महिन्यांचे काम गेले. मुलगा दोन दिवस जेवला नाही. बाबूजींनी त्याला बोलावून एवढेच विचारले, “दुबार प्रत ठेवली नव्हती?” आता तीन प्रती असतात, एक आमच्या तिजोरीत.

खरा वाद झाला तो परळीवरून. बीडला गाडी आल्यावर मुलाने ठरवले की आपण पुढे जायचे: वडवणी, सिरसाळा, थेट परळी वैजनाथ. पुढचे काम सुरू आहेच, रेघ साधारण ठाऊक आहे, आणि पडद्यावर रूळ टाकायला भूसंपादन लागत नाही. आठवडाभरात परळी गाठता आली असती. मला कल्पना आवडली. बाबूजींनी मान हलवली.

“तिथे रूळ आहेत?”

“होतील, दादाजी.”

“होतील ते झाल्यावर लिही. येणे आहे ते येण्याच्या खात्यात. जमेला धरायचे नाही.”

मुलगा हट्टाला पेटला. त्याचे म्हणणे असे की परदेशातले हौशी तर कधीच न बांधलेले मार्गही बांधतात. ही कल्पना आहे, जमाखर्च नव्हे. त्याचे म्हणणे चूक नव्हते. परंतु तीस वर्षे ज्याने दर अर्थसंकल्पानंतर वर्तमानपत्रात बीडचा आकडा शोधला, त्याच्यापुढे तयार परळी मांडणे मलाही जड गेले असते. शेवटी तोड निघाली. बीड स्टेशनापुढे रूळ संपतात, तिथे आडवा अडसर आहे. त्यापलीकडे नुसता मातीचा भराव जातो, त्यावर रूळ नाहीत. भरावाला बाबूजींची हरकत नाही. ते म्हणतात, तो विसार समजू.

गाडीबद्दल कोणाचा गैरसमज नको. सुरुवातीच्या वेळापत्रकाप्रमाणे या डेमूला १६६ किलोमीटरला साडेपाच तासांच्या पुढे लागतात. एसटी त्याहून लवकर पोचवते. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आष्टीहून नगरला निघालेल्या याच मार्गावरील डेमूच्या डब्यांना आग लागली होती; प्रवासी सुखरूप उतरले, पण आमच्या घरात त्या रात्री कोणी नीट झोपले नाही. मालाची खरी सोय तर परळी जोडली गेल्यावर व्हायची. तूर्त नगरला उतरून पुढे पुण्याची गाडी धरणारा विद्यार्थी, दवाखान्याला निघालेली माणसे, डब्यात दोन पोती सामान घेऊन बसणारा लहान दुकानदार, यांची ती गाडी आहे.

बीडहून दुपारी निघून ती सायंकाळी नगरला पोचते. आमच्या घरी चोविहार पाळला जातो, त्यामुळे हा प्रश्न प्रथम आमच्या सौभाग्यवतींना पडला: हिवाळ्यात डबा उघडायचा कुठे? सिम्युलेटरमध्ये ऋतू आणि वेळ ठरवता येते. मुलाने डिसेंबर लावला आणि गाडी सोडली. आष्टी मागे पडली, कडा गेले, आणि सोलापूरवाडीच्या अलीकडे सूर्य डोंगराआड उतरला. तेव्हा डबा आष्टीलाच उघडायचा, असे ठरले. या प्रणालीचा एवढा व्यवहारी उपयोग तिच्या कर्त्यांना सुचला नसावा.

कड्याला बाबूजींच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आत्याबाईंचे घर. १९९९ च्या पावसाळ्यात त्या अत्यवस्थ असल्याचा निरोप बीडला रात्री आला. शेवटची बस गेलेली, जीप मिळेना. मिळाली ती वाटेत पाण्याने अडली. बाबूजी पोचले तेव्हा सारे आटोपले होते. याविषयी ते घरात कधी बोलत नाहीत. मुलाला तर हे ठाऊकही नव्हते.

परवा संध्याकाळी गाडी कड्याच्या फलाटाला लागली. पिवळी पाटी, मागे लिंबाचे झाड. ते त्याने कोणाच्या तरी फोटोवरून लावलेले. मिनिटभराचा थांबा. मिनिट संपले, मुलाने शिट्टी दिली.

“थांब जरा,” बाबूजी म्हणाले.

“दादाजी, टाइमटेबल चुकेल.”

“चुकू दे.”

मुलाने ब्रेक लावून हात मागे घेतला. इंजिन घरघरत राहिले. बाबूजी पडद्याकडे पाहत होते. मी दारातून मागे फिरलो.

त्या दिवशी गाडी नगरला अकरा मिनिटे उशिरा पोचली, अशी नोंद मुलाच्या वहीत आहे. ‘कारण’ या रकान्यात त्याने लिहिले आहे: कडा, प्रवासी.